आभारप्रदर्शन

हेमलता शिंगटे बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी माइकवर टिचकी मारली. माइक चालू होता. टिचकीचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत टणकन गेला. जात नव्हता तो फक्त त्यांचा आवाज.

"आपल्या पाण्याची टाकी कलली आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. पहिले दोन शब्द सभागृहभर घुमले. 'टाकी' म्हणताच समोरची माणसं सावरून बसली, आणि पुढचे शब्द कुणी उशीखाली दाबावेत तसे विझत गेले.

"बाई, बसा आता खाली!" मागून एक जण ओरडला. "शमकानं आवाज बसवला म्हंजे कायतरी भलतंच बोलताय तुम्ही!"

लोक हसले. प्रभाग सभेच्या अध्यक्षांनी हसू दाबत पुढचा विषय पुकारला. वर्गात नुसत्या उभ्या राहिल्या तरी नववीच्या पोरी गप्प होत, अशा या विज्ञानाच्या बाई. त्या लालबुंद चेहऱ्यानं खाली उतरल्या आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चिडायचं तरी कुणावर? भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या पाट्यांवर?

या पाट्या म्हणजेच शमक. जाहीर ध्वनी नियमन कायदा आल्यापासून परवाना असलेल्या प्रत्येक सभागृहात, मंडपात आणि चौकात त्या बसवाव्या लागत. त्यातून अगदी मंद रेडिओलहरी सुटतात आणि समोर बसलेल्या माणसांच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर वर येते. तेवढ्या हालचालीवरून यंत्राला प्रत्येकाचा श्वास मोजता येतो. एरवी गर्दीत ज्याचा त्याचा श्वास ज्याच्या त्याच्या लयीत चालतो. पण माणसं एकाच गोष्टीनं दचकली, संतापली, की त्यांचे श्वास हळूहळू एका तालात पडू लागतात. जमाव दंगलीला निघण्याआधी काही मिनिटं अक्षरशः एका छातीनं श्वास घेतो, असं संशोधकांना आढळलं होतं. मग इलाज सरळ होता. श्वास जुळू लागले की कर्ण्याचा आवाज उतरवायचा. ऐकू येईनासं झालं की माणसं चुळबुळतात, शेजाऱ्याशी बोलतात, श्वास पुन्हा विस्कटतात, आणि जमावाची पुन्हा माणसं होतात.

युक्ती नामी होती आणि लागूही पडली होती. दंगली खरोखरच कमी झाल्या, हे हेमलताबाईही नाकारत नसत. फोनवरच्या निरोपांनाही हाच न्याय लावला होता. एखादा निरोप फार वेगानं पसरू लागला की तो दोन दिवस 'थंडावणीत' पडे. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तेव्हा सरकारी वकिलांनी शांतपणे सांगितलं, की राज्यघटनेनं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि ते अबाधित आहे. ज्याला जे बोलायचं ते त्यानं खुशाल बोलावं. ना शिक्षा, ना दंड, ना अटक. फक्त कर्णा हा काही मूलभूत हक्क नव्हे. त्यावर तारखा पडत होत्या.

आता यातली मेख. शमकाला शब्द कळत नाहीत, श्वास कळतो. अफवा ऐकून माणसं जसा श्वास रोखतात तसाच खरा धोका ऐकूनही रोखतात. आणि दुसरी गोष्ट तर कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल. ज्याचा आवाज बसला तो खोटारडा आणि ज्याचा खणखणीत ऐकू आला तो खरा, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. यंत्रानं न्यायनिवाडा कधी केलाच नव्हता. तो लोकांनी त्याच्या तोंडी घातला.

दिघोशीची टाकी बाजारतळाला लागून आहे. तिच्या पायांशी टाकीखालची वस्ती, दाटीवाटीची घरं. वर लाखो लिटर पाणी. मुलींना ओळंबा शिकवायचा म्हणून हेमलताबाईंनी प्रयोगशाळेच्या खिडकीत दोरीला वजन बांधून टांगलं, तेव्हा दोरीमागे टाकीचा पाय दिसला. दोरी सरळ होती. पाय सरळ नव्हता. आधी त्यांना वाटलं, आपलीच नजर तिरकी. पण पावसाळ्यानंतर दोरी आणि पाय यांतली फट वाढली, आणि दिवाळीनंतर आणखी वाढली. मग त्यांनी साताऱ्याहून इनामदारांना बोलावलं. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले अभियंते. ते टाकीखाली फिरले, एका पायाचं सुटलेलं काँक्रीट हातानं उपसून आतली गंजून बारीक झालेली सळई त्यांनी दाखवली.

"रिकामी केली तर राहील उभी," ते म्हणाले. "भरलेली ठेवाल तर मी खाली उभासुद्धा राहणार नाही. आजच रिकामी करा."

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव वर पाठवल्याचं सांगितलं. टाकी रिकामी करायची म्हणजे निम्म्या गावाला टँकर, आणि निवडणूक तोंडावर. तोवर कशाला उगाच घबराट? हेमलताबाई वस्तीत घरोघर गेल्या. बायकांनी चहा दिला, पाट दिला, ऐकूनही घेतलं. आणि प्रत्येक दारात एकच उत्तर.

"एवढं असतं तर कर्ण्यावर नसतं का सांगितलं, बाई?"

*

"मला पाच मिनिटं द्या, अक्का. उद्घाटनाला. सगळं गाव येतं."

शकुंतलाअक्का मेथी निवडत होत्या. त्या हेमलताबाईंच्या थोरल्या जाऊ. अजिंक्य शिंगटे स्मृती व्याख्यानमालेच्या अध्यक्षा. अजिंक्य त्यांचा एकुलता एक मुलगा. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात होता, व्हॉल्व्ह सोडायचं काम करी. कायदा येण्याच्या आदल्या वर्षी चौकातल्या सभेत एका पुढाऱ्यानं कर्ण्यावरून सांगितलं, की गावाच्या पाण्यात विष कालवलं आहे. पाण्यात काहीही नव्हतं. पण सभा तशीच उठली आणि पंपघराकडे गेली. तिथे अजिंक्य एकटा होता.

"यंत्र सगळ्यांना सारखंच," अक्का म्हणाल्या. "तुला पाच मिनिटं दिली काय न् पंचवीस दिली काय. आवाज बसणारच."

"शमक बंद ठेवता येतो. स्मृतिसभेला सवलत मिळते. अध्यक्षांनी नुसता अर्ज करायचा."

मेथीची जुडी अक्कांच्या हातात थांबली.

"त्या दिवशी शमक असता तर माझा अजू आज जेवायला घरी आला असता. आणि त्याच्याच नावाच्या सभेत तो मी बंद करू? तू हे मला सांगतीस हेमा? तू?"

"तो खोटं बोलत होता, अक्का. मी खरं सांगतेय."

"त्यालाबी ते खरंच वाटत असंल. मला काय करायचंय खऱ्याखोट्याशी? पाण्याचं नाव काढून ह्या गावाला कुणी भडकवायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तर नाहीच नाही."

"आणि टाकी पडली तर? खाली लेकरं आहेत."

"नगरपालिका काय झोपलीय?"

"हो! झोपलीय!" हेमलताबाई ओरडल्या. आपण अक्कांवर कधी आवाज चढवलेला नाही, हे त्यांना ओरडल्यावर आठवलं. अक्कांनी मान खाली घातली आणि पुन्हा पानं खुडायला लागल्या. त्या घरात हेमलताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून दोघींमध्ये अबोला असा कधी पडला नव्हता. तो त्या दिवशी पडला.

*

साउंडवाले दिलावर अत्तार व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी वायरी गुंडाळत कुरकुरत होते.

"बाई, ह्या शमकानं कान फाटायची वेळ आणलीया. भाषणाला आवाज आवळतो, आन् आभार मानायला कुणी उभं राहिलं की असा सोडतो, माझं पडदं जात्यात. दर कार्यक्रमाला तेच."

हेमलताबाई चप्पल घालता घालता थांबल्या. "आलेख दिसतो तुम्हाला? दाखवा बरं."

दिलावरभाईंनी लॅपटॉप वळवला. भाषणाच्या वेळची आवाजाची रेघ डोंगरदऱ्यांची होती. आभारप्रदर्शन सुरू होताच ती वरच्या टोकाला चिकटली होती, शेवटपर्यंत.

हेमलताबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांना हसूही आलं आणि रडूही. महाराष्ट्रात आभारप्रदर्शन कुणी ऐकलंय? वक्ता संपला की निम्मं सभागृह उठतं. उरलेलं अर्धं चपला शोधतं, घरी फोन लावतं, मसाला दूध कुठल्या कोपऱ्यात आहे ते हुंगतं. कुणाचा श्वास कुणाशी जुळत नाही. आणि शमक शिकला होता तो अशाच हजारो कार्यक्रमांवर. आभाराच्या वेळच्या विस्कटलेल्या श्वासांत धोका नसतो, हे त्यानं आपल्या सगळ्यांकडून नीट शिकून घेतलं होतं.

माइकवरून संपूर्ण आवाजात काहीही बोलता येईल अशी एकच जागा कायद्यात उरली होती, आणि तिच्यावर कुणाचाही डोळा नव्हता. दुसऱ्या दिवशी आभार कोण मानणार म्हणून कार्यवाह नेहमीप्रमाणे इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा हेमलताबाईंनी हात वर केला. कार्यवाहांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

*

त्या दिवशीचा विषय होता 'सुदृढ लोकशाहीत वादविवादाचे स्थान'. पुण्याचे वक्ते विद्वान होते. त्यांच्या भाषणात एकही वाद नव्हता, त्यामुळे आवाज छान लागला. लोकांनी जांभया देत टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर मधोमध अक्का बसल्या होत्या. अध्यक्षांना आभार संपेपर्यंत उठता येत नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम.

हेमलताबाई माइकपाशी गेल्या. खुर्च्या सरकू लागल्याच होत्या.

"सर्वप्रथम मी आजच्या विद्वान वक्त्यांचे मनःपूर्वक आभार मानते." आवाज घणघणला. "साउंडवाले दिलावर अत्तार यांचेही आभार. तसेच मी नगरपरिषदेचे आभार मानते, की तिनं बाजारतळावरची टाकी एका बाजूला कलल्याचं माहीत असूनही ती काठोकाठ भरून ठेवली आहे."

एक एक शब्द लख्ख ऐकू आला. बाहेर रस्त्यावरच्या पानटपरीवरही ऐकू गेला असेल. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चप्पल पायात सरकवत हेमलताबाईंकडे बघून प्रेमानं मान डोलावली.

"टाकीच्या एका पायाच्या सळया गंजून गेल्या आहेत. भरलेली टाकी पडेल, असं निवृत्त अभियंता इनामदार यांनी स्वतः पाहून सांगितलं आहे. त्यांचे आभार. टाकीखालच्या वस्तीतल्या सर्व बंधुभगिनींनी आजच घरं सोडावीत अशी मी नम्र विनंती करते."

त्या श्वास घ्यायला थांबल्या. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आभार मानणारा थांबला की टाळी वाजवायची, ही हातांची सवय. कान तिथे नव्हतेच. टाळ्या वाजवत वाजवत माणसं दुधाच्या टेबलाकडे सरकत होती. हेमलताबाईंना वाटलं, माइक उचलावा आणि त्या पातेल्यात भिरकावून द्यावा. ऐकायला तयार असतात तेव्हा ऐकू येत नाही, आणि ऐकू येतं तेव्हा ऐकत नाहीत. करायचं तरी काय माणसानं?

"अहो, ऐका!" त्या कर्ण्यातून किंचाळल्या. "मी आभार मानत नाहीये!"

दारापाशी वस्तीतली एक बाई थबकली. तिनं कडेवरचं पोर सावरलं आणि शेजारणीचा हात धरला. "थांब गं. टाकीचं म्हणत्यात." शेजारीण थांबली. तिच्या मागची माणसं अडली, वळली. "गप्प बसा, काय म्हणत्यात ते ऐकू द्या." शांतता दारापासून पुढे सरकत आली. पेले हातातच राहिले. सगळ्यांची तोंडं एकदम व्यासपीठाकडे झाली. पहिल्यांदाच सगळं सभागृह त्यांचं ऐकायला उभं राहिलं.

भिंतीवरच्या पाट्यांनाही ते कळलं.

"आजच रिकामी केली तर—" आवाज निम्म्यावर आला. "तर ती—" कुजबुज उरली. मग तीही गेली. हेमलताबाई घसा फाडून बोलत होत्या, पण एवढ्या मोठ्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत, त्यांचे हलणारे ओठ तेवढे दिसत होते.

दारातल्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. "बसला आवाज," ती शेजारणीला म्हणाली. "अफवा हाय." आणि लोक पुन्हा दुधाकडे वळले.

हेमलताबाईंनी माइक सोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाचं. त्या वळल्या. जागेवरून न हललेली एकच व्यक्ती सभागृहात होती, आणि ती हाताच्या अंतरावर होती. तिथे यंत्राची गरज नव्हती.

"अक्का, गेल्या वर्षी दोरीपासून बोटभर लांब होता टाकीचा पाय. आता चार बोटं आहे. मी रोज बघते. ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय ना, तो आज पाणीपुरवठ्यात असता तर ही टाकी भरलेली राहिलीच नसती. त्यानं कुणाला विचारलं नसतं. व्हॉल्व्ह सोडून मोकळा झाला असता."

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. हेमलताबाईंना वाटलं, आता त्या मारतील.

"इनामदारांनी सळई हातात धरून दाखवली तुला?" अक्कांनी हळूच विचारलं.

"हो."

"तू हात लावलास?"

"लावला. खपली निघावी तशी निघत होती."

अक्का उठल्या. आभार अर्धे राहिले होते, पसायदान व्हायचं होतं. अध्यक्षा मध्येच उठून पायऱ्या उतरतेय हे बघून कार्यवाहांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पुढे होऊन काही विचारलं, पण अक्का त्यांच्या अंगावरून गेल्या. दारापाशी त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि रस्त्याला लागल्या.

गाव मागून निघालं. भडकून नव्हे, निव्वळ कुतूहलानं. पेले हातात घेऊन लोक चालत होते. अक्कांनी बाजारतळ ओलांडला आणि टाकीच्या खाली, त्या गंजलेल्या पायाला पाठ लावून खुर्ची ठेवली आणि बसल्या.

पोलीस निरीक्षक आले. त्यांनी अदबीनं विचारलं, की इथे सभा आहे का. अक्का म्हणाल्या, "मी काही बोलतेय का?" निरीक्षकांकडे बोलण्याचा कायदा होता. बसण्याचा नव्हता. मुख्याधिकारी आले, हात जोडले, वर पाठवलेल्या प्रस्तावाचं सांगितलं. अक्कांनी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, टाकी ठणठणीत हाय ना? मग खुर्ची आणा आणि माझ्याशेजारी बसा."

मुख्याधिकाऱ्यांनी नजर वर नेली. टाकीच्या पोटातून ठिबकणारं पाणी त्यांच्या चष्म्यावर पडलं. ते बसले नाहीत.

ते बसले नाहीत हे टाकीखालच्या वस्तीनं दारात उभं राहून बघितलं. कर्ण्याविना ऐकू गेलं असं तेवढंच एक वाक्य त्या दिवशी होतं. अर्ध्या तासात पोरं, गाठोडी, शेरडं शाळेच्या व्हरांड्यात आली. घरं मोकळी झाली तरी अक्का उठेनात, आणि त्यांच्यासकट टाकी खाली आली तर काय, या भीतीनं दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉल्व्ह सोडला गेला. गावाचं पाणी ओढ्यातून धो धो वाहत गेलं. इनामदार म्हणाले होते तसंच झालं. रिकामी टाकी उभी राहिली.

इथेच तर सगळा घोळ झाला.

ती आजही उभी आहे. कललेली, रिकामी, पण उभी. दिघोशी टँकरवर आली. पाडण्याची निविदा कधी निघेल ते कुणी सांगत नाही. यंत्राच्या कंपनीनं आपल्या अहवालात दिघोशीचा उल्लेख मोठ्या अभिमानानं केला. पाण्याविषयीची एक अफवा सभागृहातच शमवण्यात आली, कार्यक्रम शांततेत पार पडला. हेमलताबाईंनी खुलासा पाठवला. तो थंडावणीत पडला. बाहेर आला तेव्हा तो कुणी वाचला नाही. न पडलेल्या टाकीचा पुरावा काय द्यायचा? ती पडली असती तर बाई खऱ्या ठरल्या असत्या, आणि तसं वाटून घेण्याचीही त्यांना शरम वाटे.

एप्रिलच्या उन्हात टँकरच्या रांगेत दोघी जावा कळश्या घेऊन उभ्या होत्या. टाकीखालची ती बाई, कडेवर पोर घेतलेली, दोघींना बघून कडाडली.

"ह्या बघा आल्या! ह्यांच्यापायी भरलेली टाकी सांडली! उभीच हाय की अजून! काय झालं तिला? आमच्या डोईवर हंडा दिला ह्या बायांनी! शिकल्यासवरल्यांना कामंधामं नसत्यात!"

रांगेतून हशा उठला. कुणी तिची री ओढली, कुणी आणखी चार शिव्या घातल्या. पोर आईच्या कडेवर खिदळत होतं. इतके महिने गिळलेलं सगळं एकदम हेमलताबाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी कळशी खाली आदळली आणि तोंड उघडलं.

अक्कांनी त्यांचा दंड धरला.

"बोलू दे तिला, हेमा," त्या म्हणाल्या. "पोर हाय तिच्या कडेवर. बोलू दे."